सव्वा फूट

पितळेचा तो खिळा अजून होता तसाच होता — पाच पैशाच्या नाण्याएवढं डोकं, मधोमध हातोडीचा एक बारीक खड्डा, आणि भोवतालचं सिमेंट झिजून गेल्यामुळे आता जरासा वर आलेला, तान्ह्या विनुताच्या खालच्या हिरडीतून परवा दात डोकावला तसा. कीर्तनानं टेपचं टोक खाली ठेवलं आणि अंगठ्यानं खिळ्यावरची धूळ पुसली. वर पाहिलं तर बरोबर माथ्यावर बास्केटबॉलची रिंग. सात वर्षांची असताना ती या खिळ्यावर टाचा जुळवून उभी राहायची आणि रिंगेतून वरचं छप्पर गोल दिसायचं. अप्पा म्हणायचे, बघ, तुझ्यापुरतं आभाळ कापून ठेवलंय...

"काय मॅडम, खजिना सापडला का?" चिदंबर सार गॅलरीच्या तिसऱ्या पायरीवर रुमाल अंथरून बसले होते आणि तिथूनच तमिळमधून विचारत होते. विद्यापीठाच्या बांधकाम खात्यात ते तिचे वरिष्ठ. "राजवाड्यापासून इथवर भुयार आहे म्हणतात. तुमच्याच मराठा राजांचं. निघालं तर सांगा, नवं स्टेडियम त्यातच बसवू, खर्च वाचेल."

ती हसली. चार वाजेपर्यंत नोट रजिस्ट्रारकडे जायची होती — बास्केटबॉलचं हे चाळीस वर्षांचं स्टेडियम दुरुस्त करायचं, की पाडून नवं बांधायचं. दोन चौकटी, एकीत खूण. तुम्ही इथं खेळलात, तुम्हीच लिहा, मी सही करतो, असं सार म्हणाले होते. बाळंतपणाची रजा संपवून आलेल्या बाईवर दाखवलेला हा विश्वास होता की हुशारी, हे तिला कळलं नव्हतं. राव सारांच्या — अप्पांच्या — मुलीनंच पाडा म्हटलं तर मग कोण बोलणार?

पण ती पाडा म्हणणारच नव्हती. सकाळपासून तिनं छपराच्या कैच्या एकेक ठोकून पाहिल्या होत्या, लोखंड खणखणीत होतं. पत्रे बदला, जमीन नवी करा, मुलींसाठी कपडे बदलायला एक खोली काढा — आणि हो, त्या खोलीला आतून कडी. वाक्यं तयार होती. राहिली होती फक्त आखणी मोजायची, तीही रिवाज म्हणून. अप्पांनी आखलेल्या रेषा; त्यात काय मोजायचं...

टेप चार मीटर सत्त्याण्णव दाखवत होती.

बोर्डाच्या दर्शनी बाजूपासून फ्री थ्रोची रेषा चार-साठवर हवी. तिनं बोर्डावरून ओळंबा पुन्हा सोडला, पुन्हा मोजलं. चार-सत्त्याण्णव. मग तिच्या हातांनीच, तिला न विचारता, टेपचं टोक खिळ्यावर ठेवलं — आणि खिळ्यापासून रेषा बरोबर चार-साठवर निघाली, केसाचाही फरक नाही.

म्हणजे अप्पांनी बोर्डापासून मोजलंच नव्हतं. रिंगेच्या मध्यातून ओळंबा सोडला होता. ती गोष्ट तर घरी सणासुदीला सांगितली जायची — शारीरिक शिक्षणाचे नवे संचालक म्हणून अप्पा रुजू झाले ते वर्ष, मोठ्या देवळाच्या डागडुजीवरच्या गवंड्याकडून मागून आणलेला ओळंबा, दोरीची थरथर थांबेपर्यंत श्वास धरून उभे राहिलेले अप्पा, आणि मग तिथं ठोकलेला पितळेचा खिळा. अम्मा होती तोवर दर वेळी तोंडाला पदर लावून म्हणायची, मंगळसूत्राची गाठ मारताना नाही इतका वेळ लागला. सगळे हसायचे. अप्पासुद्धा. आणि दर दोन वर्षांनी, उन्हाळ्याच्या सुट्टीत, त्याच रेषेवर नवा पांढरा रंग... कडेची जागा अपुरी म्हणून इथं कधी मोठा सामनाच झाला नाही. बाहेरचा पंच आलाच नाही. कुणी मोजणार कशाला?

सव्वा फूट. इतकं अंतर जास्त. तिचा हात आपोआप मनगटातून वळला, बोटं खाली झुकली. हा हात याच रेषेवर घडला होता. रोज संध्याकाळी शंभर, शाळेपासून कॉलेजच्या शेवटच्या वर्षापर्यंत...

आणि मग तिरुच्ची. विद्यापीठांच्या स्पर्धेतला उपांत्य सामना, एक गुण मागे, चार सेकंद, आणि तिला दोन फ्री थ्रो. पहिला रिंगेच्या मागच्या कडेवर आपटून उडाला. दुसराही तिथंच, जसा काही त्याच भोकात खिळा मारावा. गॅलरीतून कुणीतरी ओरडलं होतं, तंगच्ची, अगं धाकटे बहिणी, रिंग तिरुच्चीत आहे, तू पार करूरला टाकतेस — आणि अख्खी गॅलरी हसली होती. परतीच्या बसमध्ये तिच्या शेजारी बसलेली संगीता, त्यांची कॅप्टन, रडत होती. ती नव्हती रडत. अप्पांनी खिडकीतून ताडगोळे घेतले, एकेक सोलून सगळ्या मुलींना दिले, तिला सगळ्यात शेवटी, आणि तेव्हा म्हणाले — रागानं नाही, अगदी हळू — "घाई केलीस, बाळे."

घाई केलीस. बारा वर्षं. रेल्वेच्या खेळाडू भरतीला ती गेली नाही ती या दोन शब्दांपायी. दाराचं कुलूप दोनदा ओढून बघणारी, विनुताच्या आंघोळीच्या पाण्यात तीनदा कोपर बुडवणारी ही बाई या दोन शब्दांनी घडवली... मी घाई केली नव्हती, अप्पा. मी शंभरदा टाकला तसाच टाकला होता.

"संपलं का मॅडम? आखणीत फरक असेल तर आकडा घाला हं," सार म्हणाले, "दुरुस्ती म्हटलं की सगळं लिहावं लागतं. पाडायचं असेल तर काही नको, एक ओळ पुरे."

तिनं टेप गुंडाळली. एक ओळ पुरे. दरवाज्याशी भिंतीवर हिरव्या रंगात आजवरच्या संचालकांची नावं होती, पहिलंच — बी. गुरुराज राव. हे स्टेडियम वाचवायचं तर त्यांची चूक आकड्यांत मांडायची, ती रजिस्ट्रार वाचणार, जे एकेकाळी त्यांच्याच हाताखाली खेळले होते, आणि ती गावभर होणार. आणि चूक झाकायची, तर सगळंच पाडायचं. यंत्राच्या एका घासात खिळा उचलला जाईल, राड्यात मिसळेल, कुणाला काही कळणार नाही...

दीड वाजला तशी छाती दुधानं भरून आली. ती स्कूटरवरून मेलवीदीतल्या घरी पोचली तेव्हा अप्पा खुर्चीत बसून पायाच्या अंगठ्यानं तूळी हलवत होते — छताच्या कडीला दोरीनं बांधलेली अम्माची जुनी सुती साडी, आत विनुता, साडीतून फक्त तिची एक टाच बाहेर आलेली.

"झोपली नाही," अप्पा म्हणाले. "तुझी वाट बघतेय लबाड. मला पंच केलंय, आईचा वेळ मोजायला." मग तिच्याकडे न बघता, "कैच्या कशा आहेत?"

"चांगल्या आहेत."

"मग उभं राहील की."

"राहील."

विनुताला पदराखाली घेऊन ती भिंतीला टेकली. ते ओढणं, तो नव्या दाताचा बारीक चावा. अप्पांचा अंगठा अजून रिकामी तूळी हलवतच होता.

"अप्पा, फ्री थ्रोची रेषा तुम्ही कुठून मोजली होती?"

"कोठून म्हणजे? खिळ्यापासून. चेंडू जेथे पडतो तेथून. बोर्डाचं काय, तो आपला मागे उभा, पाहुण्यासारखा." त्यांच्या आवाजात ती जुनी सणासुदीची ऐट होती. "का गं?"

"काही नाही. नोटमध्ये लिहायचं होतं."

तूळीचे झोके लहान लहान होत गेले. दोरी थांबेपर्यंत ते तिच्याकडे बघत राहिले... दोरीकडे, कीर्तनाकडे नव्हे.

"तिरुच्चीचा बोर्ड," ते म्हणाले, "मला नेहमी जरा जवळ वाटायचा." आणि मग, "ताक ठेवलंय झाकून. पिऊन जा."

त्यांना आता कळलं, की तेव्हाच बसमध्ये, ताडगोळे सोलताना, कळलं होतं? तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, आणि सांगितलं असतं तर मग पुढे...

सव्वातीनला ती परत आली. सार कॅन्टीनला गेले होते. नोट गॅलरीच्या पायरीवर दगडाखाली तशीच होती, दोन्ही चौकटी रिकाम्या. सामानाच्या खोलीत एक चेंडू मिळाला, हवा कमी, पण चेंडूच. ती अप्पांच्या रेषेवर उभी राहिली — चप्पल काढून, सवयीनं — आणि टाकला. रिंगेला न शिवता आत गेला. बारा वर्षं, एक बाळंतपण, दुखणारी पाठ, आणि हाताला सगळं पाठ होतं, चुकीसकट.

चेंडू खिळ्यावर आपटून तिरपा उसळला, तिच्याकडे घरंगळत आला. तिनं खडूनं खरी रेषा ओढली, सव्वा फूट पुढे. तिथून टाकून बघावा म्हणून पाऊल उचललं, आणि ते दोन रेषांच्या मधेच टेकलं. खाली पाहिलं. मधली जागा तिच्या पाऊलभर होती, वर थोडी उरली होती — विनुताचं पाऊल सहज मावेल इतकी.

बाहेर चिदंबर सारांच्या चपलांचा आवाज आला. चाराला अजून अवकाश होता. ती चेंडू पोटाशी धरून त्या सव्वा फुटात उभी राहिली, आणि तिच्या लक्षात आलं, की आपल्याला कसलीच घाई नाही.