दादाजींची सुबाभूळ

माझ्या सासूबाईंना "ते झाड आता तोडू द्या" असं कोणी सांगायचं, यावर आमच्या घरात आठवडाभर कुजबूज चालली होती. अशा कामांसाठीच घरात सून असते, हे मला खरं तर आधीच कळायला हवं होतं.

"तूच सांग नं," संघपाल म्हणाला. संघपाल म्हणजे माझा नवरा, आईचा सख्खा मुलगा. "तुयं ऐकते ते."

"मायं? ब्लाउजच्या बाहीचं माप मी घेतलं तं मानत नाई ते. झाडाचं मानतीन?"

मी घरीच शिवणकाम करते. सासूबाई, म्हणजे सिंधूताई, माझ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला बाही कशी असावी ते सांगतात. गिऱ्हाइकं त्यांचं ऐकतात. मीच नाही.

झाड काही आमच्या अंगणात नाही. आम्ही राहतो नागपुरात, इंदोऱ्याला. झाड आहे आमच्या गावाला, खाप्याच्या पुढे, बरडावर. बरड म्हणजे मुरमाची चढाची जमीन. नांगर टेकवला तर नांगराला लागतं, जमिनीला नाही.

माझे सासरे, दादाजी, खापरखेड्याच्या वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर कामाला होते. रिटायर झाले आणि म्हणाले, "जनमभर काळं पायलं, आता हिरवं पायतो." रोपवाटिकेत सुबाभळीची रोपं फुकट मिळत होती. ती लवकर वाढते, पाणी कमी मागते, मरता मरत नाही. त्या वयात माणसाला लवकर वाढणारंच झाड लावावंसं वाटतं, यात त्यांचं काय चुकलं? सायकलला दोन्हीकडे डबे बांधून ते पाणी न्यायचे. गाव हसलं, मग गावही लागलं त्यांच्या मागे. काही वर्षांत बरड हिरवं गच्च झालं. ग्रामपंचायतीनं शाल-नारळ दिलं. ती शाल अजून माझ्या शिलाई मशीनवर झाकायला आहे.

आधी तिथं काय होतं, ते कोणी विचारलं नाही. कारण सगळ्यांच्या मते तिथं काहीच नव्हतं. होतं ते गवत. मारवेल, पवन्या, लुगड्याच्या काठाला चिकटणारी कुसळी. पण गवत आहे, याला कोणी काही आहे असं म्हणत नाही.

सुबाभळीची सावली दाटली तसं खालचं गवत गेलं. सकाळी तित्तर ओरडायचे, ते बंद झाले. आम्ही मोबाइलच्या टॉवरला बोल लावला. गावचा गुराखी चंद्रभान, त्याच्या गाई बरडावरून उपाशी परत यायला लागल्या, तर गाईंना बोल लावला. झाडाला बोल लावायचं कोणाच्या मनात येईना. झाड लावणं म्हणजे पुण्याचं काम, शाळेच्या भिंतीवरसुद्धा लिहिलेलं असतं.

दादाजी करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "मायी राख कन्हानात नका टाकू. मले पोहता येत नाई." त्यांनी सगळ्यात आधी लावलेल्या सुबाभळीच्या बुडाशी आम्ही ती ठेवली, वर माती ओढली, बुद्धवंदना म्हटली.

पुढे गाव हळूहळू शहाणं झालं. ग्रामसभेत ठरलं की सुबाभूळ काढायची आणि गवत परत आणायचं. दोन उन्हाळे लोकांनी मुळं खणली. वावरांच्या धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, मारवेलची जी ठोंबं जीव धरून होती, ती आणून बरडावर लावली, बी शिंपडलं. गवत यायला लागलं. सगळी सुबाभूळ गेली आणि एकच राहिली. दादाजींची. तिच्याजवळ कुऱ्हाड घेऊन जायला कोणी तयार नव्हतं.

आणि ती एकटी सगळ्या गावाला पुरून उरत होती. तिच्या शेंगा वाळल्या की तडकतात, बिया दूर उडतात. पावसाळ्यात बुडाभोवती मेथीच्या वाफ्यासारखी रोपं. गावानं उपटायची, तिनं पुन्हा पेरायची. शेवटी चंद्रभाननं संघपालला फोन केला. "भाऊ, तुयाच बाबाचं झाड हाय म्हून कोनी बोलत नाई. पन आमी किती वर्सं उपटत बसाचं गा?"

मी सांगितलं तेव्हा आई, म्हणजे सासूबाई, तुरीच्या शेंगा सोलत होत्या. ऐकत होत्या, सोलत होत्या. शेवटी एक टरफल बाजूला ठेवून म्हणाल्या, "झाड वाईट हाय का शेंगा वाईट हायेत?"

"शेंगा," मी म्हटलं.

"मंग शेंगा पडू नाई द्याच्या." आणि पुढची शेंग उचलली. "सांगजो चंद्रभानले. एक बी खाली पडलं तं झाड त्याचं."

असा आमचा करार झाला. 'आमचा' म्हणते, कारण त्या दिवसापासून दर आठवड्याला खाप्याच्या एसटीत त्यांच्या शेजारी मीही होते. लग्नसराई तोंडावर, आणि मी बरडावर. बांबूला विळा बांधून शेंगांचे घोस ओढायचे. खाली माझ्या दोन जुन्या साड्या जोडून अंथरलेल्या, एकही बी मातीला लागू नये म्हणून. शेंगा पोत्यात आणि पोतं चंद्रभानच्या बकऱ्यांना.

"काकी, या वयात झाडाखाली तपश्चर्या करून राहिल्या," चंद्रभान काठीवर हनुवटी टेकवून म्हणायचा.

"तुयी बकरी खाऊन राहिली नं? मंग तू काहून बोलून राहिला?"

गंमत वाटायची, पण मला दिसत होतं. शेंगा काढून झाल्यावर त्या खोडाला पाठ लावून बसत. डबा उघडून भाकरीचा एक तुकडा बाजूला काढत आणि मग तो स्वतःच खात.

मार्चमध्ये टिटवी आली. झाडापासून थोड्या अंतरावर, मुरमाच्या खड्यांत, घरटं म्हणावं असं काहीही न बांधता तिनं चार अंडी घातली. खड्यांच्याच रंगाची. आम्ही दोघी त्यांच्यावर पाय देता देता वाचलो. टिटवी आमच्या डोक्यावर झेपा घालत ओरडायला लागली.

"काहून बोंबलून राहिली वं?" आई तिला म्हणाल्या. "मी काय तुयी सवत हाय?"

टिटवीचं ओरडणं अपशकुनी, असं पूर्वी त्याही मानत. दादाजींनी ते काढून टाकलं होतं: तिचे पोट्टे हायेत, ते ओरडन नाई तं काय गाणं म्हणन? आता आईंनी तिच्यासाठी डब्याच्या झाकणात पाणी ठेवायला सुरुवात केली. एसटीत बसल्यावर झाडाआधी टिटवीचं नाव यायला लागलं. "पिल्लं निंघाले असतीन का वं?" "किती दिवस लागते?" मला काय माहीत? मला बाहीचं माहीत.

त्या दुपारी आम्ही पोचलो तशी ती नेहमीसारखी उठली, आमच्यावर ओरडत घिरट्या घालू लागली. आम्ही साड्या अंथरल्या आणि बांबू वर केला. तेवढ्यात झाडाच्या शेंड्यावरून एक कावळा सरळ खाली गेला. घाई नाही, गडबड नाही. दुकानात उधारी मांडायला जावं तसा. टिटवी आमच्यामागे होती. ती वळेपर्यंत तो चोचीत अंडं घेऊन आमच्या डोक्यावरच्या फांदीवर येऊन बसला.

"हाड! हाड रे!" आईंनी बांबू हलवला. तो एक फांदी वर सरकला आणि निवांत खाऊ लागला. दुसरा एक शेंड्यावरच होता. तोही खाली उतरला.

टरफल खाली पडलं. बी पडू नये म्हणून आम्ही अंथरलेल्या साडीवर.

आईंनी ते उचललं. तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिलं. मग वर झाडाकडे पाहिलं, आणि मग चारही बाजूंना बरडाकडे. मीही पाहिलं. सगळीकडे घोट्याएवढं वाळलेलं गवत, आणि सगळ्या बरडावर उंच असं एकच काही. कावळ्याला याहून चांगली जागा कुठली?

चंद्रभान आवाज ऐकून आला होता.

"हे कावळे रोज बसते का रे इथं?"

"बसतीन नाई तं काय, काकी? दुसरं हाय का काई बसाले? मागच्या साली तित्तराचे अंडे बी यायनंच नेले."

"मंग तुनं मले सांगतलं काहून नाई?"

"तुमी शेंगांचं इचारलं होतं. कावळ्यांचं कुठं इचारलं?" मग त्यांचा चेहरा पाहून त्याचा आवाज नरमला. "जाऊ द्या, काकी. आमच्यात म्हनते, कावळा आला म्हंजे आपला मानूस आला."

"आमच्यात नाई म्हणत," आई म्हणाल्या. "अन् संघपालच्या बाबाले अंडे आवडत नव्हते."

त्या दिवशी शेंगा अर्ध्याच निघाल्या. परतीच्या एसटीत त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या. टरफल रुमालात बांधलेलं, रुमाल मुठीत. पाटणसावंगी गेल्यावर अचानक बोलायला लागल्या, खिडकीकडेच पाहत.

"खाप्याच्या बाजारात मले घेऊन जायचे संघपालचे बाबा. अन् हात सोडून देऊन कुठं तरी निंघून जायचे. कोनी भेटलं, बोलत उभे राहिले, झालं. मी शोधू तं कुठं शोधू? मंग मी शोधणंच सोडलं. भज्याच्या दुकानाजवळ एका जागी उभी राहायची. फिरून फिरून येतच होते."

मी डब्याची पिशवी मांडीवर घेतली.

"आता फिरणं बंद झालं होतं यायचं," त्या म्हणाल्या. "झाड हाय तं ते कुठं हायेत, मले मालूम हाय. एवढंच होतं, पोरी. मले काई त्या सुबाभळीचा लोभ नाई."

रुमालाची गाठ त्यांनी आणखी घट्ट केली.

"पन टिटवीनं काहून भोगाचं वं? तिचं तं सगळं जमिनीवरच हाय."

घरी आल्यावर संघपालनं विचारलं, काय झालं. आई चप्पल काढता काढता म्हणाल्या, "चंद्रभानले फोन लाव. म्हणा, कुऱ्हाड आन." आणि आत जाऊन माझ्या गिऱ्हाइकाची बाही उसवायला बसल्या.

पावसाच्या आधीच झाड पाडलं. सुबाभूळ नुसती तोडून मरत नाही, बुंध्यातून पुन्हा फुटते. म्हणून मूळ खणून काढावं लागलं. आई बाजूला उभ्या होत्या, डोक्यावर पदर, ओठ हलत होते. त्रिशरण म्हणत असाव्यात. संघपाल स्वतः कुदळ मारत होता आणि प्रत्येक घावाला आईकडे पाहत होता. "माह्याकडं नको पाहू," त्या म्हणाल्या, "पायावर मारशीन."

खड्डा खोल झाला तेव्हा मी वाकून पाहिलं. मला वाटलं, काही दिसेल. राखेची एखादी रेघ, पांढरं काही. लाल मुरूम होता, तुटलेली मुळं होती, एक गोम होती.

"काय शोधून राहिली वं?" आईंनी विचारलं.

"काही नाही."

"ते कवाचेच वर गेले, शेंगात. अन् शेंगा बकरीनं खाल्ल्या." त्यांनी चंद्रभानकडे मान वळवली. "मायं माणूस तुया घरी हाय रे. दूध पातळ करून विकू नको."

चंद्रभान आधी दचकला, मग हसला. मग त्याला हसावं की नाही ते कळेना, म्हणून कुऱ्हाडीची धार बोटानं पाहत बसला. खड्डा बुजवल्यावर आईंनी स्वतःच्या हातानं मारवेलची ठोंबं तिथं लावली. रुमालातलं टरफलही त्याच मातीत गेलं.

खूण म्हणून एखादा दगड ठेवू, असं संघपाल म्हणाला. "नको," त्या म्हणाल्या. "दगड ठेवला तं कोनी शेंदूर लावन."

पावसाळाभर त्या आल्या नाहीत. गुडघे दुखत होते, आणि मला वाटतं, बरड तसं मोकळं पाहायची हिंमतही होत नसावी. मी विचारलं की म्हणायच्या, "पाऊस उघडू दे." दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाऊन आलो, गर्दी ओसरली, आणि एक दिवस त्या स्वतःच म्हणाल्या, "चल."

चंद्रभान आम्हाला वरपर्यंत सोडायला आला आणि मग त्याच्या गाईंमागे गेला. बरडावर गवत कमरेला लागत होतं. मारवेल पिकून तांबूस झालं होतं, वाऱ्यानं एकीकडे वळायचं आणि सावकाश परत यायचं. कुसळी माझ्या साडीला, परकराला, सगळीकडे टोचत होती. दूर कुठेतरी एक तित्तर ओरडला आणि थांबला, जणू आम्ही ऐकलं की नाही ते पाहत होता.

"इथं होतं," आई म्हणाल्या.

"नाही आई, थोडं वर. तिकडं."

"तिकडं तं चढ हाय. इथंच. इथून खाप्याचा रस्ता दिसत होता."

इथूनही दिसत होता. तिथूनही दिसत होता. आम्ही पायांनी गवत बाजूला करत फिरलो. खड्डा भरून आला होता आणि जमीन सगळीकडे सारखी होती. आईंनी लावलेली मारवेलची ठोंबं कुठली आणि आपोआप आलेली कुठली, ते आता मारवेललाही सांगता आलं नसतं. एका टिटवीनं आम्हाला पाहून बोंब ठोकली. ती तीच होती की दुसरी, तेही कळायला मार्ग नाही.

आईंचा श्वास फुलला होता. त्या थांबल्या, कमरेवर हात ठेवला, सगळ्या बरडावरून नजर फिरवली आणि वैतागून म्हणाल्या, "पाह्य बरं! पुन्ना सोडला हात."

मी म्हटलं, "चंद्रभानला बोलावू का? त्याला आठवत असेल."

"कायले?" त्यांनी पदरानं तोंड पुसलं. हातानं गवत दाबलं, होतं तिथंच खाली बसल्या, पाय लांब केले. गवत त्यांच्या खांद्याच्या वर गेलं. मागून पाहिलं असतं तर नुसता पांढरा अंबाडा दिसला असता. "मी नाई शोधत. मी एका जागी बसते."

मग माझ्या साडीचा काठ धरून ओढला. "तू बी बस नं. उभी राहून टिटवीले काहून भेव दाखवते?"

मी बसले. गावात गाईंच्या घंटा वाजत होत्या. शेवटची एसटी पाचला असते. आईंनी डबा उघडला, भाकरीचा एक तुकडा मोडून बाजूला झाकणावर ठेवला, आणि या वेळी तो खाल्ला नाही.