सुरूच्या शेंड्यावरचा तारा

अर्नाळ्याच्या हिरामण तांडेलाला होडीपेक्षा होडीचं सुकाण प्यारं. एकोणऐंशी साली त्याचे डोळे पार अधू झाले होते, पण बोलायची सोय नव्हती. ठाऊक होतं ते फक्त त्याच्या बायकोला, भागूबाईला.

घरची रीत जुनी. श्रावण लागला आणि चंद्र अजून कोरीएवढा असला की एका उघड्या संध्याकाळी सगळे खलाशी वाळूवर जमायचे. ध्रुवाजवळचा एक मिणमिणता तारा तांडेलानं शोधून दाखवायचा. दिसला तर वर्षभर सुकाण त्याचं, पुनवेला दर्यात नारळ सोडायचा मानही त्याचा. नाही दिसला तर राम राम! काळोखात किल्ल्याजवळच्या खडकांतून होडी आणायची, तिथं दयामाया उपयोगाची नाही. थोरला भाऊ आत्माराम पूर्वी ह्याच वाळूवर उभा राहून म्हणाला होता, "नाय दिसत रं." त्याच पावली सुकाण धाकट्या हिरामणकडे आलं. त्याला तेव्हा आनंदच झाला होता, खोटं कशाला बोला.

शाळेतले सॅन्टन मास्तर सांगत, हा तारा सूर्याहून कितीतरी मोठा, नुसता राक्षस. पण फार लांब, म्हणून असा फिका. भागूबाई त्यावर हसायची. "नाव मोठं, लक्षण खोटं. आमच्या तांडेलावानी!"

आज मात्र ती हसत नव्हती. "अवो, सांगून टाका," वाटेत ती म्हणाली. "मानसांचे जीव हायेत होडीत."

"गप ऱ्हा. मला जागा पाठ हाय."

पाठ होतीच. सुरूच्या उंच झाडाचा शेंडा, त्याच्यावर दोन वीत, जरा डावीकडे. झाडाचं काळं धूड त्याला अजून दिसत होतं, तेवढं पुरे होतं.

वाळूवर सगळे आले होते. आत्माराम ओंडक्यावर बसलेला, त्याचा मुलगा नरहरी शेजारी उभा. सुकाण गेलं असतं तर ह्या नरहरीकडेच. सगळे वर बघत कशाची तरी वाट पाहत होते. कशाची, ते हिरामणनं विचारलं नाही. त्याला एकदाचं उरकायचं होतं.

"त्यो बघा!" त्यानं हात उचलला. "शेंड्याच्या वर. लालसर हाय आज. झकास!"

खलाशी एकमेकांकडे बघायला लागले.

"काका," नरहरी हळूच म्हणाला, "उत्तरंला ढग हाय. ध्रुवबी दिसत नाय. ढग सराची वाट बघतोय आमी."

हिरामणचा हात वरच राहिला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

"असूं दे," नरहरीनंच सावरून घेतलं. "एखाद्या फटीतनं दिसला असंल तुमाला. सुकान ऱ्हाऊ दे तुमच्याकडंच."

पोरानं दया केली, आणि ती थपडेपेक्षा जास्त लागली.

आत्माराम ओंडक्यावरून उठला, भावाजवळ आला आणि त्याचा वर राहिलेला हात धरून खाली केला.

"हिरामन, जागा मलाबी पाठ होती रं," तो म्हणाला.

हिरामण बायकोकडे वळला.

"भागू, पुनवेचा नारळ नरहरीच्या हातात दे."