कडेकडेची गल्ली

भोंगा लावून तुम्हीच ओरडत होतात, साहेब. चला, निघा, लढाई दाराशी आली, चार दिवसांत परत आणून सोडतो. लोकांनी तुमच्या शब्दावर विश्वास ठेवला. कोणी भिजवलेले कपडे बादलीत ठेवून निघालं, कोणी चुलीवरचं दूध नुसतं झाकून. ते चार दिवस अजून संपायचेत.

शूटिंगवालाही तसाच निघाला. लग्नांची शूटिंगं करून पोट भरणारा माणूस. एका हाताला आई, खांद्याला कॅमेऱ्याची बॅग. गोदामातल्या छावणीत बॅग उघडली तर आत एकच टेप निघाली. त्यांच्याच गल्लीत झालेलं, शिंप्याच्या धाकटीचं लग्न. त्याने हावऱ्यासारखी ती लावली आणि कपाळावर हात मारला. गल्ली कुठे धड दिसतच नव्हती. जिथे तिथे नवरा-नवरी, मधोमध, पडदाभर. आयुष्यभर त्याने हेच केलं होतं. लग्नाच्या टेपमध्ये भिंती बघायला कोण बसतंय?

आता त्याला भिंतीच बघायच्या होत्या.

"डावीकडे, आई, डावीकडे! वळतेय ती."

"अरे, हात आहेत का चाकं माझी?" आई करवादली.

गोदामातल्या जुन्या टीव्हीच्या काचेवर आईने काळ्या पुठ्ठ्याचे दोन तुकडे धरले होते. एक नवऱ्याच्या आकाराचा, एक नवरीच्या. ती दोघं चालतील तसे पुठ्ठे सरकवायचे. मधली माणसं झाकली की नजर झक मारत कडेला जाते. आणि टीव्हीवरचं हे सगळं तो मोबाइलने पुन्हा शूट करत होता.

"लोक म्हणतील, डोकं फिरलं ह्याचं."

"म्हणू देत. तू कडेला बघ."

आईने बघितलं. नवरीच्या काळ्या खांद्यामागून त्यांचं निळं दार सरकत गेलं. आईचा हात हलला, पुठ्ठा घसरला.

"आई! कोपर दिसलं तिचं!"

"दिसू दे. मेल्या, त्या दाराची कडी लागत नव्हती. किती वेळा सांगितलं होतं तुला." आणि पदराने नाक पुसत तिने पुठ्ठा पुन्हा जागेवर धरला.

संध्याकाळी चादर बांधून, कुठूनसा प्रोजेक्टर मागून आणून त्याने ती फिल्म सगळ्यांना दाखवली. आधी लोक हसले.

"काय रे, नवरा-नवरीला ग्रहण लागलं का?"

मग एक बाई किंचाळलीच, "थांबव! माझा जिना!"

"ती नळाची रांग बघ. मावशी भांडतेय, बघ, तिथेही भांडतेय!"

अख्खं गोदाम चादरीच्या कडांना बोटं लावून उभं होतं. मध्ये कोणी बघत नव्हतं. शूटिंगवाल्याला वाटलं, जमलं आपल्याला.

दाराशी तुमचा माणूस उभा होता, साहेब. त्यालाही कड दिसली. त्याला दिसलेल्या कडेत पूल होता.

"पुलाचं शूटिंग करायला बंदी आहे. मूळ टेप काढा."

"अहो, लग्न आहे ते!"

"तपासून परत मिळेल."

मोबाइलमधला पुलाचा तुकडा त्याने उभ्या उभ्या पुसायला लावला आणि टेप खिशात घालून तो चालता झाला.

दोन दिवसांनी पलीकडच्या छावणीतून शिंपी आला. टेपची बातमी ऐकून धापा टाकत आला होता.

"दादा, माझ्या पोरीचं लग्न आहे म्हणे तुझ्याकडे."

"आहे ना मामा. कुठंय ती? सासूशी भांडतेय की नाही?"

शिंपी खाली बसला. "ती मागच्या गाडीत होती. मागची गाडी आलीच नाही रे. फोटोबिटो सगळे घरी राहिले. आठवायला जातो तर तिचा लहानपणचाच चेहरा येतो. मोठेपणीचा येतच नाही."

शूटिंगवाल्याने मोबाइल पुढे केला. शिंपी बघत राहिला. त्याच्या गल्लीतून एक काळा पुठ्ठा चालत होता.

"हे मधलं काळं काय आहे?"

शूटिंगवाल्याने आईकडे बघितलं. आईच म्हणाली, "तीच आहे, भाऊ. मी झाकली."

"मग काढ ना."

"निघत नाही, मामा. आता नाही निघत."

शिंप्याने नखाने मोबाइलची काच खरवडून बघितली. एकदा. पुन्हा एकदा. मग पुठ्ठा घसरला तो क्षण आला, आणि त्याचं बोट तिथेच थांबलं.

"ही बाही मी शिवली. घट्ट झाली म्हणून केवढी ओरडली होती माझ्यावर." त्याने बोट काचेवरून उचललं. "परत लाव."

त्याने परत लावलं.

"परत लाव."

"माझा हात अजून थोडा चुकायला हवा होता," आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली.

तेव्हापासून शूटिंगवाला तुमच्या कचेरीच्या खिडकीशी उभा असतो. एक म्हणतो, वर पाठवली. दुसरा म्हणतो, अशी टेप आलीच नव्हती. तिसरा विचारतो, टेपमधल्या मुलीचं-तुमचं नातं काय?

पूल तर तुम्हीच उडवलात, साहेब, टेप नेलीत त्याच आठवड्यात. आता त्या टेपमध्ये तुमचं लपवण्यासारखं काय राहिलंय? शिंप्याची धाकटी आहे, लग्नाच्या दिवशी हसतेय, एवढंच. तिला कुठल्या कपाटात कोंडून ठेवलंय? बाप खिडकीशी येऊन उभा आहे. त्याला उत्तर द्या.