बबडीचा डावा हात

मी दातांच्या दवाखान्यातली खुर्ची बोलतेय. हो, तीच, जिला बघून पोरं दारातच पाय रोवतात.

कारखान्यातून इथं आले तेव्हा सगळ्यात आधी बसला तो वायरमन. माझं बटण जोडून झालं तसा ऐसपैस पाय पसरून चहा प्यायला. माझ्यावर सुखानं बसलेला तो एकटाच. बाकी सगळे माझे हात आवळूनच बसतात.

आणि आईबापांचं काय सांगू! आई म्हणते, "नुसतं बघणार आहेत हं." लेकराला तर समोर पक्कड दिसत असते. बाप दरडावतो, "गप बस, नाहीतर सुई टोचायला सांगीन." सुई टोचायचीच असते, मग ती शिक्षाच झाली की!

एक दिवस छोट्या बबडीला तिचे बाबा उचलून घेऊन आले. गाल टम्म सुजलेला, अंगात ताप. मागच्या वेळी ती माझ्यावरून उडी मारून पळाली होती. "आज दाढ निघालीच पाहिजे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नाहीतर सूज डोळ्यापर्यंत चढेल."

मग त्या बबडीकडे वळल्या. "हा डावा हात तुझा. वर केलास की मी थांबणार. शब्द देते."

बबडीनं मान हलवली. सुई तिनं सोसली. पक्कड तोंडात गेली आणि बाबांनी तिचे दोन्ही हात माझ्या हातांवर गच्च दाबले. "वाघीण ना माझी?"

डावा हात खालून धडपडत होता. मला कळत होतं, पण मला कुठली जीभ! बाईंची नजर तोंडात, मदतनीस ताईंची लाळ ओढायच्या नळीवर. मी करकरले, पण मी रोजच करकरते, कोण लक्ष देतं?

बबडी कडकन चावली.

"चावतेस? लाज नाही वाटत?" बाबा ओरडले.

बाईंनी बोट झटकलं आणि खाली पाहिलं. "तिचा हात सोडा."

"अहो, सोडला तर पळेल!"

"पळू दे. मी शब्द दिलाय तिला."

बाबांनी हात सोडले. मनगटावर बोटांचे लाल वळ. डावा हात हळूच वर आला. बाईंनी पक्कड ताटलीत ठेवून दिली. ताप चढत होता, वेळ जात होता.

हात खाली आला. बाईंनी पक्कड उचलली. हात पुन्हा वर. पक्कड पुन्हा ताटलीत.

"थट्टा लावलीय नुसती!" बाबा पुटपुटले.

"थट्टा नाही. मला पारखतेय ती."

बबडीनं हात पोटावर ठेवला. मग आपणहून आ केला. दाढ निघाली.

उतरताना बाबांनी हात पुढे केला. तिनं तो धरला नाही. कापूस दाताखाली दाबून एकटीच दारापर्यंत गेली. बाबा आपल्या रिकाम्या हाताकडे बघत राहिले.

आता माझं रेक्झिन उसवलंय, नवी खुर्ची आणायचं चाललंय. जाता जाता एवढंच मागते, आईबापांनो. खुशाल शेजारी उभे राहा, पण लेकराचा हात मोकळा ठेवा. तोंड आम्ही उघडून ठेवलेलं असतं. बोलायला त्याच्याकडे तेवढा हातच उरतो.