झुंबरबाईंच्या फोटोसाठी तीन बोटं

मी एक जुना, दोन डोळ्यांचा कॅमेरा आहे. माझे डोळे तुमच्यासारखे शेजारी शेजारी नाहीत, एकाच्या डोक्यावर दुसरा बसलाय. वरचा डोळा बघतो आणि खालचा फोटो घेतो. मित्रांनो, एवढं एक वाक्य ध्यानात ठेवा. संयोगितानं ते ध्यानात ठेवलं नाही आणि झुंबरबाईंचं डोकं गेलं. म्हणजे, फोटोतलं.

पण आधी माझ्याबद्दल सांगतो.

माझा जन्म जपानचा, नाव याशिका. तिथलं मला फारसं आठवत नाही. आठवतो तो मुंबईहून कोल्हापूरपर्यंतचा एसटीचा प्रवास. सयाजी चौगुले नावाच्या तरुण फोटोग्राफरनं मला रात्रभर मांडीवर घेतलं होतं, एकदाही खाली ठेवलं नाही. मंगळवार पेठेत त्यांचा छोटा स्टुडिओ होता. माझा मूळचा पट्टा पहिल्याच वर्षी तुटला. मग सयाजीरावांनी चप्पल करणाऱ्या कारागिराकडून नवा करून घेतला, अस्सल कोल्हापुरी चपलेच्या कातड्याचा. तेव्हापासून मी गळ्यात असलो की चालताना करकरतो. लग्नात लोक आधी खाली सयाजीरावांच्या पायांकडे बघायचे.

मला वापरायची रीतही वेगळी आहे. मला डोळ्याला लावत नाहीत. पोटाशी धरायचं, वरचं झाकण उघडायचं आणि मान खाली घालून आत बघायचं. आत चौकोनी काचेवर समोरचं सगळं दिसतं, फक्त डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. माझी फिल्म रुंद असते, कागदात गुंडाळलेली. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो, बास. बॅटरी लागत नाही. फोटो काढताना आवाज येतो तो नुसता 'टिक' असा, तोही कान दिला तरच.

सयाजीरावांबरोबर मी पुष्कळ काम केलं. छाती फुगवून श्वास रोखून धरणारे पैलवान बघितले, त्यांना हसू आलं की सगळा डौल एका क्षणात उतरायचा. पेठेतल्या फुटबॉल संघांचे फोटो काढले. शाहूवाडीत एका घरानं भाताची लावण अर्धी सोडून, चिखलाचे पाय धुऊन फोटो काढून घेतला आणि परत तेच पाय चिखलात घातले. गगनबावड्याच्या एका शाळेत धुकं इतकं दाट होतं, की मागची रांग फोटोत आलीच नाही. मुख्याध्यापकांनी फोटोखाली त्यांची नावं मात्र सगळी छापून घेतली. लोक माझं कौतुक करायचे. 'सयाजीरावांचा डबा' म्हणायचे मला, पण प्रेमानं.

मग डिजिटल कॅमेरे आले आणि त्यांच्या मागोमाग मोबाईल आले. स्टुडिओच्या जागेत मोबाईलची कव्हरं विकायचं दुकान झालं आणि मी लोखंडी कपाटात गेलो, कातडी पेटीत बंद, रजयांच्या खाली. मित्रांनो, कातडी पेटी दिसायला झकास असते, पण तिला ओल धरते. माझ्या खालच्या डोळ्यावर बुरशीची जाळी चढली. आतलं वंगण सुकून माझी झडप, म्हणजे शटर, अडकली. अशी वर्षं गेली. एकदा एका पावण्यानं मला उचलून सांगितलं, की आत बल्ब बसवला तर हॉटेलात टांगायला छान दिवा होईल. सयाजीरावांनी मला त्याच्या हातातून काढून घेतलं. आणि त्यांची नात संयोगिता म्हणाली, "काका, तुमच्या डोक्यात बसवूया की बल्ब. तिथं जास्त गरज हाय." त्याच दिवशी तिनं मला आपल्या खोलीत नेलं.

संयोगिता नववीत आहे. तिनं मला महाद्वार रोडवरच्या एका घड्याळजींकडे नेऊन साफ करून घेतलं. जाळी गेली, झडप सुटली. रोल मात्र आता कोल्हापुरात सहज मिळत नाहीत, कुरिअरनं मागवावे लागतात. पहिला रोल भरायला ती आबांकडून शिकली. आजोबांना ती आबा म्हणते.

दर रविवारी सकाळी रंकाळ्यावर फिल्मवेड्यांचा एक गट जमतो. ती मला घेऊन तिथं गेली. दाताच्या एका डॉक्टरांकडे मामिया आहे, दोन विटा एकत्र बांधल्यासारखा. एका प्राध्यापकांकडे हॅसलब्लाड, ते तो रुमालात गुंडाळून आणतात आणि कुणी हात पुढे केला की रुमाल परत बांधतात. एकाकडे वडिलांचा आगफा क्लिक, ज्याला ऊन आणि ढग एवढंच कळतं. ही मंडळी तालमीच्या कट्ट्यावर पैलवानांबद्दल बोलावं तशी कॅमेऱ्यांबद्दल भांडतात. मामियाची लेन्स बदलता येते. असेल, पण तो गळ्यात घालून पन्हाळा चढून दाखवा. संयोगिता वर्गात तोंड उघडत नव्हती म्हणे. इथं तिनं सरळ विचारलं, की तुमच्यातला कुठला कॅमेरा गुपचूप फोटो काढतो? प्राध्यापकांनी आपला दाबला. 'खटाक' झालं आणि पाण्यावरची बदकं उडाली. मग तिनं मला दाबलं. एकही बदक हललं नाही. त्या दिवसापासून ती मान ताठ करून चालायला लागली. माझ्यात बघताना मान खाली घालावी लागते, तेवढं सोडून.

आणि मग झुंबरबाई आल्या.

झुंबरबाईंना गंगावेशीतले सगळे ओळखतात. तिथं संध्याकाळी म्हशी आणून उभ्या करतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ दुधाचा पेला हातात देतात. झुंबरबाई तिथं लग्न होऊन आल्यापासून आहेत. आवाज असा, की पलीकडच्या चौकातला रिक्षावाला वळून बघतो. त्या आमच्या पायरीवर बसल्या, चहा नको म्हणाल्या आणि सयाजीरावांना म्हणाल्या, "गुरुवारी माझी छाती उघडणार हायती. डॉक्टर म्हणतोय काळजी नगं. त्याचं काय जातंय म्हणायला? भिंतीवर लावायला एक फोटू काढून ठेवा."

लग्नाचा फोटो महापुरात गेला होता. उरला होता आधारकार्डावरचा. तो लावला तर लोक हार घालायच्या आधी पोलिसांना बोलावतील, असं त्यांचं म्हणणं. मुलानं, कृष्णातनं, मोबाईलवर काढला होता, पण त्याच्या मोबाईलनं आपणहून सुरकुत्या पुसल्या आणि गाल गोरे केले. तो बघून झुंबरबाईंनी विचारलं होतं, की ही कोण? भिंतीवर दुसरीच बाई बसणार आणि लोक तिच्या पाया पडणार, हे त्यांना काही पटेना.

सयाजीरावांचे हात आता थरथरतात. ते म्हणाले, संयू काढेल.

झुंबरबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "हिला शेंबूड पुसता येतोय का अजून?"

"पुसूनच आलोय, आज्जी," संयोगिता म्हणाली.

फोटो रविवारी गच्चीवर काढला. मागे पांढरी चादर, पुढे खुर्ची. झुंबरबाई नवी नऊवारी नेसून, डोक्यावर पदर घेऊन बसल्या आणि खुर्चीत बसल्या बसल्या लाकूड झाल्या. सयाजीराव कोपऱ्यात स्टुलावर होते. ते काहीतरी सांगायला गेले, तर संयोगिता म्हणाली, "आबा, मला येतंय." तिला चेहरा मोठा हवा होता. म्हणून तिनं जवळच्या फोटोसाठीची भिंगांची जोडी माझ्या दोन्ही डोळ्यांवर चढवली आणि मला अगदी पुढे नेलं. काचेवर झुंबरबाई पदरासकट नीट बसल्या होत्या, इंचभरही जागा वाया जात नव्हती. तिनं बाराही फोटो तसेच काढले.

मित्रांनो, मला बोलता आलं असतं तर मी तेव्हाच ओरडलो असतो. लांबच्या फोटोला फरक पडत नाही. पण माणूस जवळ असला, की वरच्या डोळ्याला जे दिसतं ते खालच्याला दिसत नाही, कारण तो तेवढा खाली बसलाय. वरच्यानं पदर बघितला आणि खालच्यानं हनुवटीखालचं डोरलं टिपलं.

आबांनी आणि तिनं मिळून न्हाणीघरात रोल धुतला, कपड्यांच्या चिमट्यांनी दोरीवर टांगला. संयोगितानं तो उजेडाकडे धरला आणि तिचं तोंड उतरलं. बाराच्या बारा फोटोंत पदर नव्हता, भांग नव्हता. कपाळ वरच्या काठाला चिकटलेलं. भिंतीवर लावायच्या फोटोत बाईचं डोकं कापलेलं.

सयाजीराव रागावले नाहीत. त्यांनी आपला हात पुढे केला आणि तीन बोटं जुळवून माझ्या दोन डोळ्यांच्या मध्ये आडवी धरली. बरोबर बसली. "वरच्या डोळ्यानं सगळं जमवायचं," ते म्हणाले. "मग कॅमेरा एवढा वर उचलायचा. आणि मगच दाबायचं."

"पण वर उचलल्यावर काचेत चुकीचं दिसणार की."

"दिसू दे. तेव्हा काचेवर न्हाई, बोटांवर विश्वास ठेवायचा."

झुंबरबाई मंगळवारी दवाखान्यात भरती होणार होत्या. सोमवारी संध्याकाळी संयोगिता मला आणि शेवटचा रोल घेऊन गंगावेशीत गेली. करकरत जायचं म्हणजे लपता येत नाही, सगळ्यांनी वळून बघितलं. झुंबरबाई म्हशीपाशी बसून धार काढत होत्या. साडी रोजचीच, डोक्यावरून घेतलेला पदर कमरेला खोचलेला. संयोगितानं खरं काय ते सांगितलं. तिचा आवाज बारीक झाला होता.

झुंबरबाईंचे हात थांबले नाहीत. "मुंडकंच न्हाई?"

"न्हाई, आज्जी."

"पोरी, आपरेशन छातीचं हाय. डोस्क्याचं न्हवं."

शेजारचा दूधवाला पेला धरून हसत सुटला. झुंबरबाई पण हसल्या आणि म्हणाल्या, की आता बसायला वेळ नाही, ही म्हैस उद्यापासून दुसऱ्याच्या हाताला कशी दूध देईल कुणास ठाऊक, काढायचा तर इथंच काढ.

उजेड कमी होत चालला होता. संयोगितानं परत अगदी जवळ जाऊन माझा पट्टा मानेवर ताणून धरला, म्हणजे मी हलत नाही. म्हैस उजवीकडे सरकली, काचेत ती डावीकडे गेली आणि पोरगी भलतीकडेच वळली. असं दोनदा झालं. मग ती स्थिर उभी राहिली, मान खाली घालून. कितीतरी वेळ तिनं दाबलंच नाही.

"माझ्याकडं बघत न्हाईस, मग फोटू कुणाचा काढालीस?" झुंबरबाईंनी विचारलं आणि तिच्याकडे मान वर करून बघितलं. एक हात म्हशीच्या कुशीवर. चेहऱ्यावर थोडी थट्टा, थोडी काळजी, आणि सुरकुत्या जिथल्या तिथं.

संयोगितानं श्वास धरला. मला तीन बोटं वर उचललं. काचेत झुंबरबाई खाली सरकल्या आणि त्यांच्या डोक्यावर नुसती मोकळी भिंत उरली. चुकीचं दिसत होतं. तिनं तरीही दाबलं.

"काढ की आता," झुंबरबाई म्हणाल्या.

"काढला, आज्जी."

गुरुवारी ऑपरेशन चालू होतं तेव्हा संयोगिता घरात बसू शकली नाही. आबांनी न्हाणीघरात लाल बल्ब लावला, जुनं फोटो मोठा करायचं यंत्र बाहेर काढलं आणि दोघांनी मिळून कागद रसायनाच्या ट्रेमध्ये हलवला. आधी म्हशीचं काळं अंग वर आलं, मग डोळे, मग भांग, आणि सगळ्यात शेवटी पदर. पूर्ण पदर. आबांनी तो कागद चिमट्यानं उचलून दोरीवर टांगला.

ऑपरेशन झालं, पण झुंबरबाईंना बरेच दिवस आत ठेवलं. फ्रेम तयार झाली होती. कृष्णात म्हणाला, ती दवाखान्यात आणू नका, बरं दिसत नाही. म्हणून तो फोटो संयोगिताच्या खोलीत, माझ्याशेजारी, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. संयोगिता रोज शाळेतून आली की आधी त्याच्याकडे बघायची आणि मग दप्तर खाली ठेवायची. तो फोटो कुठल्या दिवशी घरातून बाहेर जाणार, हे कुणीच बोलत नव्हतं.

आणि एका दुपारी झुंबरबाईंनी स्वतःच निरोप धाडला. घरी आलोय, फोटू घेऊन ये.

त्या खाटेवर बसल्या होत्या, बारीक झाल्या होत्या. आवाजही अर्धा झाला होता. त्यांनी फ्रेम मांडीवर घेतली आणि बराच वेळ बघितली. संयोगिता दारातच उभी.

"ही वळखीची हाय," त्या म्हणाल्या. मग कृष्णातला म्हणाल्या, "लाव."

कृष्णात चाचरला. जित्या माणसाचा एवढा मोठा फोटो भिंतीवर लावत नाहीत, लोक काय म्हणतील, असं काहीतरी बोलला.

"मेल्यावर मला दिसणार हाय व्हय? लाव म्हणतोय न्हवं."

लावला. समोरच्या खोलीत, दारातून सरळ दिसेल असा. पुढच्याच आठवड्यात शिरोळहून एक लांबचे पाहुणे तब्येत विचारायला आले. त्यांनी फोटो बघितला, चपला काढल्या, तोंड पाडलं आणि हात जोडून उभे राहिले. आतून स्वयंपाकघरातून आवाज आला, आता परत पहिल्यासारखा खणखणीत. "अजून हाय मी, पावणं. बसा की."

मित्रांनो, तुमच्याही घरात कपाटाच्या तळाशी माझ्यासारखा एखादा म्हातारा पडला असेल. त्याला कातडी पेटीतून बाहेर काढा, कोरड्या हवेत ठेवा, अधूनमधून त्याची झडप दाबत जा, म्हणजे ती अडकणार नाही. तो कुणाचा होता हे घरातल्या मोठ्यांना विचारा, आणि ते काही सांगायला लागले तर मला येतंय म्हणू नका. मग त्यात एक रोल भरा आणि पहिल्यांदा घरातल्या माणसांचे फोटो काढा. आणि एवढं नक्की करा, ते फोटो त्यांच्या हातात द्या. त्यांना बघू द्या.