थरथरत्या हाताचं काम

लकडगंजच्या, लाकूड कापायच्या आरामशिनींमागच्या गल्लीत रुपरावांचं सुतारकामाचं दुकान होतं. नवं लाकूड घेणं त्यांनी कधीच सोडलं होतं. पाडलेल्या घरातली चौकट मिळाली की खिळे काढून, रंधा मारून ते तिची खिडकी करत. झाड एकदा कापलं गेलंच आहे, तर त्याच्याकडून पुरतं काम करून घ्यावं, एवढंच त्यांचं म्हणणं.

शहात्तर सालच्या उन्हाळ्यात त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. लाकूड तासताना पटाशी घसरली आणि एका चांगल्या चौकटीची कड उडाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, वयाचं आहे म्हणाले. रुपराव काही दिवस दुकान न उघडता घरीच बसले. मग बायकोला, शामलाबाईंना, त्यांनी सांगितलं की आता मी काम घेणार नाही, जो येईल त्याला शिकवीन. मुलगा भिलाईला नोकरीत, मग शिकणार कोण, असं शामलाबाईंनी विचारलं. रुपरावांनी दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं.

लोक आधी वैतागले. मोडकी खुर्ची घेऊन गेलं की रुपराव करवत पुढे करायचे आणि स्वतः स्टुलावर बसून सांगायचे. बरेच जण खुर्ची उचलून दुसऱ्या दुकानी गेले. शेजारच्या इंदूबाई तेवढ्या थांबल्या. त्या विधवा होत्या, एका शाळेत झाडलोट करायच्या. त्यांच्या बाजेचा पाय निखळला होता. दोन-तीन दुपारी खपून त्यांनी तो बसवला, तरी बाज डुगडुगतच होती. रुपरावांनी ती पुन्हा खोलायला लावली.

त्यानंतर शाळा सुटली की त्या रोज दुकानात येऊ लागल्या. बाईच्या हातात करवत पाहून गल्लीत काही दिवस हसणं झालं, मग लोकांना सवय झाली. दोन वर्षांत दुरुस्तीला येणारे थेट इंदूबाईंनाच विचारू लागले. त्यांनी झाडलोटीचं काम सोडलं. त्याच शाळेचे मोडके बाक आता त्यांच्याकडे येत.

त्या बाकांच्या सांध्यांना त्या लाकडी खुंटीऐवजी स्क्रू लावत. रुपरावांना ते खटकलं.

“काहून वं, खुंटी नाही जमत काय?”

“जमते ना मामाजी. पण पोट्टे बाक आपटतात. स्क्रू ढिला झाला तर तिथला कोणीही कसून घेते. खुंटीसाठी मलेच जावं लागते.”

रुपराव त्या दिवशी लवकर घरी गेले. जेवताना शामलाबाईंना म्हणाले, “शिकवलं म्हणजे ते तिचं झालं. हे मले समजते. पण जड जाते.”

थोडे दिवस ते दुकानाकडे फिरकले नाहीत. शामलाबाईंनीही त्यांना जा म्हटलं नाही. मग एका सकाळी ते स्वतःच गेले आणि इंदूबाईंना म्हणाले की मला काही काम दे. इंदूबाई संकोचल्या.

“तुमाले मी काम सांगू?”

“मंग कोण सांगन? दुकान तूच चालवून राहिली.”

इंदूबाईंनी थोडा विचार केला आणि एक टेबल पुढे ओढलं. पॉलिश चढवायच्या आधी ते घासायचं होतं. घासायला हात स्थिर असावा लागत नाही. रुपराव दुपारपर्यंत घासत बसले. आपला हात थरथरतो आहे, हे मधे बराच वेळ त्यांच्या ध्यानातही राहिलं नाही.

इंदूबाईंनी टेबलावरून तळहात फिरवला. मग खालच्या कडेवरून फिरवला आणि त्या घुटमळल्या. शेवटी म्हणाल्या की ही कड अजून खरखरीत लागते. ज्या बाईला आपण करवत धरायला शिकवलं, ती आपलं काम परत करते आहे, हे रुपरावांना टोचलं. त्यांनी स्वतः बोट फिरवून पाहिलं. कड खरखरीत होती. टेबल उलटं करून ते पुन्हा घासायला बसले.

संध्याकाळी शामलाबाईंनी विचारलं, तेव्हा कडेची गोष्ट त्यांनी आपण होऊन सांगितली. मग हातपाय धुतले, आणि उद्यापासून दुकानात डबा लागेल म्हणाले.