टेकडीवरच्या सुरकुत्या

माझ्या बाबांना सुरकुती खपत नाही. पाहुणे सोफ्यावर बसले की ते पाहुण्यांकडे नाही, सोफ्याच्या खोळीकडे बघत बसतात. उभं आयुष्य शिवणकामात गेलं, डोळ्यांनी दगा दिला तेव्हा दुकान बंद केलं, आणि तेव्हापासून घरातल्या चादरींची काही खैर नाही.

मी नोकरी सोडून जमीन-मोजणीचं स्वतःचं काम सुरू केलं, तेव्हा खुणेची कापडं त्यांच्याकडूनच शिवून घेतली. टेबलाएवढी, काळ्या-पांढऱ्या चौकोनांची. जमिनीत खिळा ठोकायचा, त्याची नेमकी जागा यंत्राने मोजायची, खिळ्यावर मध्य धरून कापड पसरायचं आणि वरून ड्रोनने फोटो काढायचे. फोटोतला कापडाचा मध्य त्या मोजलेल्या जागेशी जुळवला की नकाशा बरोबर बसतो. याला आम्ही कंट्रोल पॉइंट म्हणतो. बाबांनी त्या कापडांच्या कडांना पायपिंगही लावलं. आकाशातून कोण बघणार होतं पायपिंग!

पहिलंच काम एका टेकडीचं होतं. वर पाण्याची टाकी बांधायची होती. इंजिनीअर बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, "नकाशा वीतभर जरी चुकला, तर पुढची सगळी कामं दुसऱ्याला." बाबा हट्टाने बरोबर आले. मी जागा मोजल्या, कापडं पसरली आणि खाली गाडीपाशी येऊन ड्रोनच्या तयारीला लागले.

"मी जरा पाय मोकळे करून येतो," बाबा म्हणाले.

मला तेव्हाच शंका यायला हवी होती. गुडघे दुखणारा माणूस पाय मोकळे करायला टेकडी चढत नाही.

ड्रोन उतरला तोवर बाबाही परत आले होते. फोटो लॅपटॉपवर उघडले आणि मी बघतच राहिले. खडकावर ठेवलेलं कापड शेजारच्या गवतावर होतं. दुसरंही तसंच. सगळीच! एकेक कसं इस्त्री केल्यासारखं.

"बाबा, कापडं हलवलीत?"

"अगं, खडकावर नुसत्या चुण्या पडल्या होत्या. फोटो काढणार म्हणालीस ना? म्हटलं जरा बरी दिसू देत. चार हात सरकवली, एवढंच."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काम गेलं माझं, बाबा! तुमच्या त्या सुरकुत्यांपायी!" तोंडाला येईल ते बोलले. ते पाठ फिरवून निघून गेले.

पाणी प्यायले, डोकं थंड झालं, तेव्हा सुचलं. कापडं अजून फोटोतल्या जागीच आहेत की! तिथे जाऊन पुन्हा मोजलं की झालं. जीव भांड्यात पडला. यंत्र खांद्यावर टाकून धापा टाकत वर चढले, तर गवतावर कापड नाही. ते परत खडकावर, बरोबर खिळ्यावर. पुढचंही तसंच. बाबा चूक सुधारत फिरत होते! मी कपाळावर हात मारून घेतला. या माणसाला काही सांगायचीही सोय नाही आणि न सांगायचीही नाही.

आता ड्रोन पुन्हा उडवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बॅटरी शेवटची. त्यात वारा सुटलेला, आणि खालून बाईंची गाडी वर येताना दिसत होती. पार टोकाच्या खडकावर बाबा शेवटचं कापड पसरत होते आणि ते फडफडत होतं.

"बाबा, धरून ठेवा! मध्य खिळ्यावरच राहू दे! आणि सरळ करायचं नाही, माझी शपथ आहे!"

मी धावत खाली येऊन ड्रोन उडवला. दुसऱ्या खेपेचे फोटो बाई गाडीपाशी माझ्या शेजारी उभ्या राहूनच बघत होत्या. एकेक मध्य जुळत गेला. शेवटच्या फोटोत कापड खडकावर चुरगळून पडलं होतं, पण मध्य जागच्या जागी. बाजूला एक माणूस उताणा, दोन्ही मुठींत एकेक कोपरा, तोंडावर पांढरा रुमाल.

"हे कोण?"

"माझे बाबा. शिंपी आहेत."

"रुमाल उन्हासाठी का?"

"नाही. सुरकुत्या बघवत नाहीत त्यांना."

बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग म्हणाल्या, "पुढच्या टेकडीचं कधी सुरू करताय?"

मी वर गेले तेव्हा बाबा तसेच पडून होते. मुठी अजून आवळलेल्या. "बाबा, सगळं जुळलं. पुढचं कामही मिळालं."

रुमालाखालून आवाज आला, "मग आता सरळ करू का?"

"करा," मी म्हणाले, आणि समोरचे दोन कोपरे धरून ओढले.